दुसऱ्या भागाचा गल्ला कोणाचा?

मंडळी, सिनेमा पाहून आलेल्या माणसाला पूर्वी आपण विचारायचो, "कसा होता?" आता विचारतात, "किती कमावले?" शुक्रवारी सिनेमा लागतो, सोमवारी सकाळी मोबाइलवर आकडा येतो आणि मंगळवारपासून पुढच्या भागाची चर्चा सुरू होते. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही तेसुद्धा तीत हिरिरीने भाग घेतात. आमच्या घरातली तरुण मंडळीही याला अपवाद नाहीत, हे ती हे वाचतील तेव्हा त्यांना कळेलच.

आकड्यांचा मला कंटाळा नाही. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट सगळे विसरतात असं मला वाटतं. दुसऱ्या भागाच्या पहिल्या आठवड्याचा गल्ला हा दुसऱ्या भागाचा नसतोच मुळी. तो पहिल्या भागाचा असतो, उशिरा जमा झालेला.

हे समजायला सिनेमाच्या धंद्यात शिरायला नको. आमच्या वाडीत या. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी यांची दुकानं ओळीने आहेत. प्रत्येकाची मोठी पाटी आहे. कुणाचं "जुने", कुणाचं "प्रसिद्ध", तर कुणाचं दोन्ही. यात्रेकरू पहिल्यांदा आत शिरतो तो पाटी वाचून. पण पुढच्या पौर्णिमेला तोच माणूस पुन्हा त्याच दुकानात गेला, तर ते पाटीमुळे नव्हे, जिभेवर राहिलेल्या चवीमुळे. पाटी वडिलांनी कमावलेली असते, आजची बासुंदी मुलाने आटवलेली असते. पहिल्या दिवशीच्या गर्दीवरून मुलाला शाबासकी द्यायची घाई करू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता उदाहरणाकडे येते. 'नवरा माझा नवसाचा' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, काहींनी तर टीव्हीवर इतक्या वेळा की पुढचं वाक्य आधीच म्हणावं. २००४ सालचा सचिन पिळगांवकर यांचा सिनेमा. बापाने बोललेला नवस मुलाने फेडायचा, तोही अंगावर कपडे न घालता गणपतीपुळ्याला जाऊन. आणि त्यासाठी एसटीचा प्रवास. कंडक्टर अशोक सराफ. आम्हा वाडीकरांना तो जवळचा वाटला यात नवल नाही. नवस बोलणारा एक आणि त्याचा भार वाहणारा दुसरा, हे आम्ही घाटावर नेहमी पाहतो. आईने बोललेल्या नवसापायी सुट्टी काढून, चेहरा पाडून अभिषेकाला बसलेली मुलं काय कमी पाहिलीत! ती गंमत आणि तो अवघडलेपणा त्या सिनेमाने नेमका पकडला होता. २००७ मध्ये 'एकदंता' नावाने तो कानडीतही झाला. आमच्या तालुक्याची शीव कर्नाटकाला लागून असल्यामुळे इथल्या काहींनी दोन्ही पाहिलेत. नवसाला भाषेची सीमा नसते, तेव्हा तो तिकडेही चालावा हे रीतसरच झालं.

त्याचा दुसरा भाग आला २० सप्टेंबर २०२४ ला. बरोबर वीस वर्षांनी. एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली, कंडक्टरच्या जागी टीसी आला (अशोक सराफच, आणि दुसरं कोण असणार!), आणि नवस आता मुलगी-जावयाच्या गळ्यात पडला. सिनेमाने वीस कोटींच्या पुढे मजल मारली. मराठीत हा आकडा मोठाच. त्या वर्षीच्या जास्त चाललेल्या मराठी सिनेमांत त्याचं नाव आलं.

मग आता तिसरा भाग काढावा का? याचं उत्तर वीस कोटी या आकड्यात आहे का? मला वाटतं, नाही. का ते सांगते.

तो ज्या दिवशी लागला तो राष्ट्रीय चित्रपट दिन होता. त्या दिवशी देशभरातल्या अनेक चित्रपटगृहांत तिकीट ९९ रुपये होतं. म्हणजे गर्दी जास्त आणि त्या मानाने रुपये कमी. दुसऱ्या दिवशी तिकीट नेहमीच्या दराला आलं की माणसं तितकीच असूनही गल्ला वाढलेला दिसणार. लगेच बातमी, "दुसऱ्या दिवशी कमाईत वाढ!" फ्रान्समध्ये सिनेमाचं यश किती तिकिटं विकली गेली यावर मोजतात, किती पैसे आले यावर नाही. मला ती रीत शहाणपणाची वाटते. २००४ सालचं तिकीट आणि २०२४ सालचं तिकीट यांची तुलना करून "दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त चालला" म्हणणं म्हणजे माझा पहिला पगार आणि नातवाचा पहिला पगार शेजारी ठेवून नातू जास्त कष्टाळू ठरवण्यासारखं आहे. माणसं मोजा, म्हणजे खरं काय ते कळेल.

बरं, त्या वीस कोटींतले निर्मात्याला किती मिळतात? शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ११८ रुपयांच्या तिकिटात १८ सरकारचे. वीस कोटींपैकी कर वजा जाता सतरा कोटींच्या आसपास उरतात. त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहाचा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात जो समझोता झाला, त्यात निर्मात्या-वितरकांच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा हिशेब ठरला होता. तसाच हिशेब धरला तर सतरातले सात-आठ कोटी निर्मात्याकडे येणार. त्यातून सिनेमा करायचा खर्च, जाहिरातीचा खर्च वजा करा. आपण मात्र इकडे चहा पिता पिता वीस कोटी निर्मात्याच्या घरी पोचवून मोकळे होतो.

या वाटणीत आणखी एक गोम आहे. पहिल्या आठवड्यात निर्मात्याचा टक्का सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या आठवड्यात लोक जुन्या नावावर येतात, तोच आठवडा त्याला सगळ्यात फायद्याचा. एकमेकांना सांगून सांगून चौथ्या आठवड्यात गर्दी वाढली, तर त्यातले त्याला कमी मिळणार. मग जुनी पाटी लावण्याचा मोह कोणाला होणार नाही? दोष एकट्या निर्मात्याचा नाही, व्यवहारच तसा बसवलेला आहे.

वीस वर्षांचं हे अंतरही योगायोगाचं नसावं. 'झपाटलेला' १९९३ चा, त्याचा दुसरा भाग २०१३ चा. तिथेही वीस वर्षं. आई-बापांच्या मांडीवर बसून, नाहीतर टीव्हीसमोर जेवता जेवता ज्या मुलांनी पहिला भाग पाहिला, ती वीस वर्षांत कमावती होतात, त्यांना मुलं होतात आणि ती आपल्या मुलांना घेऊन थिएटरात येतात. त्यांना आपलं लहानपण दाखवायचं असतं. त्यात वाईट काहीच नाही. पण हे गिऱ्हाईक वीस वर्षांत एकदाच तयार होतं. दुसऱ्या भागानंतर दोन वर्षांत तिसरा काढला, तर मधल्या काळात कोण मोठं झालेलं असणार?

'झपाटलेला २' त्रिमितीत आला होता. चश्मे लावून तात्या विंचू अंगावर येताना मुलांनी मजेत पाहिला. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेलेले. रामदास पाध्यांची बाहुली होती, महेश कोठारे होते, तरी ज्याच्या घाबरण्यावर आपण हसत होतो तो माणूस नव्हता. आता तिसऱ्या भागाचीही घोषणा कोठारे यांनी केलेली आहे. बघू या.

तात्या विंचूचा जो परदेशी भाऊबंद, 'चाइल्ड्स प्ले'मधला चकी, त्याची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. मूळ सिनेमा १९८८ चा. २०१९ मध्ये अमेरिकेत तो नव्याने, पहिल्यापासून सुरुवात करून बनवला. नवा दिग्दर्शक आणि बाहुलीला आवाजही नवा, मार्क हॅमिल यांचा. खर्च एक कोटी डॉलर, जगभरातला गल्ला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास. आकडे पाहिले तर पुढचा भाग लगेच यायला हवा होता. तो आला नाही. कारण चकी ज्याने जन्माला घातला तो लेखक डॉन मॅन्सिनी आपली जुनी मालिका घेऊन जिवंत उभा होता. पहिल्या सिनेमाचे हक्क एकाकडे आणि गोष्ट पुढे नेण्याचं बळ दुसऱ्याकडे, अशी वाटणी झालेली. २०२१ मध्ये त्याने जुना चकी, जुन्या आवाजासकट, टीव्हीवर आणला आणि तो तीन हंगाम चालला. नव्या चकीने पैसे मिळवले, पण लोकांनी आपला मानला तो जुनाच. नफा झाला म्हणजे पुढचा भाग होतोच असं नाही, हे यातून दिसतं.

आपल्याकडेही असं झालं आहे. 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' एप्रिल २००९ मध्ये लागला. मुंबईतला एक पिचलेला मराठी कारकून आणि त्याला कान उपटून जागं करणारे महाराज. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. सिनेमात दम होताच, पण आणखीही एक गोष्ट घडली होती. त्याच एप्रिलमध्ये वर सांगितलेलं वाटणीचं भांडण पेटलं आणि जवळजवळ दोन महिने हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सला नवे सिनेमे दिलेच नाहीत. एरवी मराठीला सकाळचा नऊचा खेळ देणाऱ्या पडद्यांवर जागा रिकामी होती. ती मराठीला मिळाली, आणि जागा मिळाली की मराठी माणूस येतो हे सिद्ध झालं.

३१ ऑक्टोबर २०२५ ला 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' आला. कल्पना तीच, पात्रं नवी, महाराज नवे आणि विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. विषय आमच्या भागातल्या कुणालाही आतून हलवील असा. पण प्रदर्शनाआधीच जुन्या सिनेमाच्या हक्कांवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने प्रदर्शन रोखलं नाही, तरी २००९ ची लाट काही उठली नाही. कारण पाटी पुन्हा टांगता येते, पण २००९ चा तो एप्रिल पुन्हा आणता येत नाही. माझ्या मते शेतकऱ्याच्या त्या विषयाला जुन्या नावाची गरजच नव्हती.

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला पुन्हा तेच सांगण्याचाच राग आहे. मुळीच नाही. वाडीत राहणाऱ्या माणसाला पुन्हा तेच पाहण्याचा राग येऊन कसं चालेल? इथे पालखी त्याच वाटेने, त्याच पदांसह निघते. दर पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी वर चढतं आणि उत्तरेकडून आत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याचं स्नान साधावं म्हणून माणसं रात्री-अपरात्री धावत येतात. दरवर्षी तेच असूनही कुणी कंटाळत नाही. पण नदी दरवर्षी खरोखरच चढते. चढल्यासारखं दाखवत नाही.

सिनेमातही असं खरं 'पुन्हा' असतं, आणि त्याची उदाहरणं आमच्या कोल्हापुरातच आहेत. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' १९२५ मध्ये मूकपट म्हणून काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून गिरणीकडे जाणारा शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. तीच गोष्ट त्याच बाबूरावांनी १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा काढली. मधल्या काळात सिनेमाला वाचा फुटली होती, तेव्हा पुन्हा सांगायला कारण होतं. प्रभातने १९३२ मध्ये कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हाही हेच. हरिश्चंद्राची गोष्ट फाळक्यांनी १९१३ मध्येच दाखवली होती, पण त्यातला राजा बोलत नव्हता. आता तो बोलणार होता, गाणार होता. गंमत अशी की एवढं कारण असूनही सिनेमाच्या इतिहासात 'सावकारी पाश'चं नाव निघतं ते १९२५ च्या मूकपटासाठी. खुद्द बाबूरावांना जिथे आपल्याच पहिल्या सिनेमाला मागे टाकता आलं नाही, तिथे बाकीच्यांनी थोडं जपूनच असावं.

अलीकडचं चांगलं उदाहरण 'मुंबई-पुणे-मुंबई'. २०१०, २०१५ आणि २०१८ असे तीन भाग. पहिल्यात दोघं भेटतात, दुसऱ्यात लग्न ठरतं, तिसऱ्यात मूल होतं. पात्रांचं आयुष्य पुढे गेलं म्हणून सिनेमा पुढे गेला. तिसरा भाग का, हे विचारावं लागत नाही. माझी कसोटी एवढीच आहे. पहिल्या भागानंतर त्या माणसांच्या आयुष्यात असं काय घडलं, जे आम्हाला कळायलाच हवं? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर खुशाल पुढचा भाग काढा. उत्तर "मागच्याने वीस कोटी केले" हे असेल तर थोडं थांबा.

थिएटरवाल्यांची बाजूही मला कळते. एका पडद्याची किती तरी थिएटरं बंद पडली, काहींची मंगल कार्यालयं झाली. विजेचं बिल भरायला त्यांना शुक्रवारी भरलेल्या खुर्च्या हव्यात, आणि ओळखीचं नाव खुर्च्या भरतं. वर्षानुवर्षं थिएटरची पायरी न चढलेली अख्खी कुटुंबं 'नवसाचा २'ला गेली, आजी-आजोबांसकट गेली, हे काही थोडकं नाही. हसून बाहेर पडली, तेही चांगलंच झालं.

पण वाडीतून सिनेमाला जायचं म्हणजे सांगली गाठायची, नाहीतर कोल्हापूर. एक सांगली वीस-बावीस किलोमीटर, कोल्हापूर पंचेचाळीसच्या आसपास. घरातली चार माणसं निघाली की गाडीभाडं, तिकिटं आणि तिथल्या लाह्या (सोन्याच्या भावाच्या!) धरून हजार-दोन हजारांची चाट. असं कुटुंब वर्षातून एखादाच मराठी सिनेमा थिएटरात पाहतं. तो एक ओळखीच्या नावाचा निघाला आणि बेतास बात निघाला, तर नुकसान त्या निर्मात्याचं होत नाही. त्याचे पैसे पहिल्या आठवड्यात आलेले असतात. नुकसान होतं ते पुढच्या नव्या सिनेमाचं, कारण ते कुटुंब "मराठी आता टीव्हीवर आल्यावर बघू" म्हणून घरी बसतं. हे नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

शिवाय मोठे आकडे नव्या गोष्टींनी केलेच नाहीत असं थोडंच आहे? 'सैराट' २०१६ चा. नायक-नायिका दोन्ही अनोळखी, आणि मराठीतला तोवरचा सगळ्यात मोठा गल्ला त्याचा. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने, ठरवून, सारख्या साड्या नेसून गेल्या. त्याला कुठला पहिला भाग होता? २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला, ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर मुख्य भूमिकेत. म्हणजे ज्यांनी १९९३ मध्ये तात्या विंचू उभा केला, तेच. बत्तीस वर्षांनी ते नव्या गोष्टीत उभे राहिले आणि लोक आले. जुना माणूस नव्या गोष्टीत घ्या, लोक येतात. जुन्या नावालाच धरून बसायची गरज नसते.

तेव्हा 'नवसाचा'च्या तिसऱ्या भागाबद्दल माझं मत विचाराल, तर आत्ता नको. नवस एकदा फेडला की त्याचा प्रसाद वाटायचा असतो, लगेच नवा नवस बोलायचा नसतो. दुसऱ्या भागात जे मिळालं त्यातला थोडा तरी हिस्सा एखाद्या नव्या लेखकाच्या, नव्या गोष्टीच्या पदरात टाकावा. त्या गोष्टीत सचिन, सुप्रिया, अशोक सराफ हवेतच. त्यांच्यासाठी आम्ही सांगलीला जाऊच. फक्त या वेळी ते कुठे निघालेत आणि का, हे आम्हाला आधीपासून माहीत नसावं.

जाता जाता एक आठवण करून देते. २००४ मध्ये आणखी एक मराठी सिनेमा गाजत होता, संदीप सावंत यांचा 'श्वास'. नातवाचे डोळे जाणार म्हणून कासावीस झालेला आजोबा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा तोच. त्याचा दुसरा भाग कधी निघाला नाही, आणि निघू शकला असता असंही वाटत नाही. पण तो पाहून किती तरी तरुणांना वाटलं की मराठीत असं करता येतं. पुढच्या वर्षांत जे चांगले मराठी सिनेमे आले, त्यांतल्या पुष्कळांना 'श्वास'चा पुढचा भाग म्हणायला माझी हरकत नाही. अशा पुढच्या भागांचा गल्ला मात्र कुणी मोजत नाही.

असो. तुमच्यापैकी ज्यांनी 'नवसाचा २' आणि 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' दोन्ही पाहिलेत त्यांनी जरूर लिहावं. फक्त किती कोटी केले ते सांगू नका. कसे वाटले, तेवढं सांगा.